जॅग्वार ई-टाइप की कॉर्व्हेट स्टिंग रे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इथे दोन गाड्यांची तुलना आहे: १९६१ साली आलेली ब्रिटिश जॅग्वार ई-टाइप (पहिली मालिका) आणि १९६३ च्या मॉडेलपासूनची अमेरिकन शेव्हरोले कॉर्व्हेट स्टिंग रे. जुन्या स्पोर्ट्स गाड्यांचा विषय निघाला की ही जोडी समोरासमोर येतेच. बहुतेक वाद एकाच कारणाने होतात. कुणीतरी एका वर्षाची गाडी दुसऱ्याच वर्षाच्या इंजिनाशी लावून आकडे सांगतो. म्हणून खालच्या उत्तरांत शक्य तिथे वर्ष आणि इंजिन दोन्ही दिलं आहे. त्या काळच्या चाचण्यांत ताशी ० ते ६० मैल (सुमारे ९७ किलोमीटर) हा वेग किती सेकंदांत येतो ते मोजत. ते माप तसंच ठेवलं आहे.

या दोन गाड्यांची तुलना करणं मुळात योग्य आहे का?

हो, आणि वाटतं त्यापेक्षा जास्त योग्य आहे. दोन्ही गाड्या दोन माणसांच्या, इंजिन पुढे, ताकद मागच्या चाकांना. दोघींची लांबी जवळपास सारखीच, साधारण ४.४५ मीटर. दोन चाकांमधलं अंतर जॅग्वारचं २४३८ मिलिमीटर आणि कॉर्व्हेटचं २४८९, म्हणजे फरक पाच सेंटीमीटरचा. दोघींची मागची चाकं स्वतंत्रपणे वरखाली होतात, आणि त्या काळात रस्त्यावरच्या गाडीत ही मोठी गोष्ट होती.

फरक आहे तो रुंदीत आणि वजनात. कॉर्व्हेट साधारण ११ सेंटीमीटरने रुंद आहे. जॅग्वारचं वजन सुमारे १.२३ टन, कॉर्व्हेटचं सुमारे १.४ टन. फायबरग्लासची गाडी पत्र्याच्या गाडीपेक्षा हलकी असणार असं अनेक जण गृहीत धरतात. पण कॉर्व्हेटच्या फायबरग्लासखाली पोलादाची भक्कम शिडीवजा चासी आहे आणि केबिनभोवती पोलादाचाच सांगाडा आहे. जॅग्वारमध्ये मधला भाग पत्र्याचीच ताणून बांधलेली पेटी आहे. इंजिन पेलायला त्या पेटीच्या पुढे नळ्यांची चौकट बोल्टने जोडलेली आहे. ही रचना ल मां शर्यत गाजवणाऱ्या डी-टाइप या जॅग्वारच्याच शर्यतीच्या गाडीकडून आलेली आहे.

मुख्य तांत्रिक माहिती एका ठिकाणी मिळेल का?

ई-टाइप ३.८ (१९६१ ते १९६४): एका रांगेत सहा सिलिंडर, ३७८१ सीसी, डोक्यावर दोन कॅमशाफ्ट, तीन एसयू कार्ब्युरेटर. कंपनीचा आकडा ५५०० आरपीएमला २६५ हॉर्सपॉवर आणि ४००० आरपीएमला सुमारे ३५३ न्यूटन मीटर टॉर्क (फिरवण्याचा जोर). चार गिअर, चारही चाकांना डिस्क ब्रेक, रॅक अँड पिनियन स्टिअरिंग. ऑक्टोबर १९६४ मध्ये इंजिन ४२३५ सीसीचं झालं. हॉर्सपॉवर कागदावर २६५ च राहिली, टॉर्क मात्र ३८४ न्यूटन मीटरवर गेला.

कॉर्व्हेट स्टिंग रे (१९६३): व्ही आकारात आठ सिलिंडर, ३२७ घन इंच म्हणजे सुमारे ५३६० सीसी, पुशरॉडवर चालणारे व्हॉल्व्ह. हेच इंजिन २५०, ३००, ३४० आणि ३६० हॉर्सपॉवर अशा चार अवतारांत मिळायचं. सर्वांत वरच्या, फ्युएल इंजेक्शनवाल्या एल८४ चा टॉर्क सुमारे ४७७ न्यूटन मीटर. गिअरबॉक्स तीन गिअरचा, चार गिअरचा किंवा दोन गिअरचा पॉवरग्लाइड ऑटोमॅटिक. ब्रेक चारही चाकांना ड्रम. तेव्हा 'स्टिंग रे' असं कुणी म्हटलं की पुढचा प्रश्न 'कुठल्या इंजिनाची?' हाच असायला हवा.

३६० विरुद्ध २६५ हॉर्सपॉवर. मग कॉर्व्हेट सरळसरळ पुढे नाही का?

इथे दोन गोष्टी लक्षात घ्या. पहिली म्हणजे दोन्ही आकडे 'ग्रॉस' आहेत. इंजिन टेस्ट बेंचवर चढवायचं आणि पंखा, एअर फिल्टर, गाडीतला खरा सायलेन्सर असं ताकद खाणारं सामान शक्यतो बाजूला ठेवून मोजायचं, अशी ती पद्धत होती. अमेरिकन कंपन्या १९७२ च्या मॉडेलपासून गाडीत बसवलेल्या स्थितीतले 'नेट' आकडे देऊ लागल्या, तेव्हा जाहिरातीतले आकडे एका रात्रीत घसरले. त्यामुळे ३६० काय किंवा २६५ काय, आजच्या गाडीच्या हॉर्सपॉवरशेजारी ठेवू नका. एकमेकांशी तुलना करायला ते चालतील.

दुसरी गोष्ट वजनाची. २६५ ला १.२३ ने भागलं तर दर टनाला सुमारे २१५ हॉर्सपॉवर येते. ३६० ला १.४ ने भागलं तर सुमारे २५७. म्हणजे एल८४ पुढे आहे हे खरं, पण अंतर ९५ हॉर्सपॉवर ऐकल्यावर वाटतं तेवढं नाही. आणि ३०० हॉर्सपॉवरची कॉर्व्हेट घेतली तर उत्तर येतं २१४, म्हणजे अगदी ई-टाइपइतकंच. रस्त्यावर ३०० वाल्या गाड्या खूप दिसतात आणि एल८४ दुर्मीळ, म्हणून ही बरोबरी ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

० ते ६० मैल कुणाचं लवकर होतं?

कॉर्व्हेट एल८४ चं. त्या काळच्या मासिकांच्या चाचण्यांत चार गिअरच्या ३६० हॉर्सपॉवर गाडीने हा टप्पा सहा सेकंदांच्या किंचित आत गाठला. ई-टाइपला सात सेकंदांच्या आसपास लागायचे: ब्रिटनच्या 'ऑटोकार'ने कूपेसाठी ६.९ सेकंद नोंदवले आणि 'द मोटर'ने उघड्या गाडीसाठी ७.१.

पण हा एक सेकंद कुठे मिळतो ते पाहिलं तर दोन्ही गाड्यांचा स्वभाव उलगडतो. ई-टाइपचा पहिला गिअर ३.३८ चा आणि मागच्या डिफरन्शियलचं (इंजिनाची ताकद मागच्या दोन चाकांत वाटणाऱ्या गिअरचं) प्रमाण ३.३१, म्हणजे इंजिनाचा टॉर्क चाकापर्यंत ११.२ पटीने वाढून पोचतो. ३५३ गुणिले ११.२ म्हणजे सुमारे ३९५० न्यूटन मीटर. कॉर्व्हेटच्या जवळजवळच्या गिअरच्या बॉक्समध्ये पहिला गिअर २.२० चा आणि ३.७० चं डिफरन्शियल असेल तर गुणाकार ८.१४. ४७७ गुणिले ८.१४ म्हणजे सुमारे ३८८०. पहिल्या गिअरमध्ये दोघी सारख्याच, उलट हलक्या जॅग्वारला थोडा फायदाच!

खरा फरक दुसऱ्या गिअरला पडतो. जॅग्वारचा दुसरा गिअर १.८६ चा, तिथे गुणाकार ११.२ वरून एकदम ६.२ वर कोसळतो आणि चाकावर सुमारे २१७० न्यूटन मीटर उरतात. कॉर्व्हेटचा दुसरा पहिल्याच्या जवळ असल्याने तिथे सुमारे २९०० मिळतात. म्हणजे सुरुवातीला दोघी बरोबर, आणि दुसरा गिअर पडला की कॉर्व्हेट सुटते. पाव मैलाच्या अंतराला दोघींना साधारण १४.५ ते १५ सेकंद लागत, आणि तिथला फरक चालकाच्या हातापायांतही लपून जाऊ शकतो.

ई-टाइप खरंच ताशी १५० मैल धावायची का?

'ऑटोकार'ची कूपे १५०.४ मैलांवर पोचली (२४२ किलोमीटर) आणि 'द मोटर'ची उघडी गाडी १४९.१ वर. आकडे खरे आहेत, मोजमापही प्रामाणिक आहे. पण पत्रकारांना दिलेल्या त्या सुरुवातीच्या गाड्या कंपनीने हाताने नीट जुळवलेल्या होत्या, हे आता सगळेच मान्य करतात. शोरूममधून निघालेल्या सर्वसाधारण गाडीकडून तेवढ्या वेगाची अपेक्षा करू नये.

शेवटचे पंधरा किलोमीटर इतके अवघड का, हे साध्या हिशोबात कळतं. वाऱ्याला कापायला लागणारी ताकद वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. ताशी २२५ वरून २४० वर जायचं तर वेग वाढतो जेमतेम सात टक्के, पण ताकद सुमारे २१ टक्के जास्त लागते. इंजिनाची जुळणी किंचित ढिली असेल तर तीच तूट थेट कमाल वेगातून वजा होते.

कॉर्व्हेटचा कमाल वेग मात्र एका आकड्यात सांगताच येत नाही. डिफरन्शियल ३.०८ पासून ४.५६ पर्यंत अनेक प्रमाणांत मिळायचं. ३.७० वाली एल८४ चाचणीत ताशी १४२ मैलांपर्यंत (सुमारे २२८ किलोमीटर) गेली. ४.११ लावलं तर त्याच आरपीएमला वेग ३.०८ पेक्षा चक्क पाव हिश्श्याने कमी मिळतो, पण सिग्नलवरून सुटताना तीच गाडी जास्त आवेशाने निघते. कॉर्व्हेटचा कमाल वेग कुणी सांगितला की डिफरन्शियल कुठलं ते विचारा.

सहा सिलिंडर आणि आठ सिलिंडर: चालवताना काय जाणवतं?

इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण दोन्ही गाड्यांचा जीव इथेच आहे.

जॅग्वारचं एक्सके इंजिन १९४८ साली एक्सके१२० मधून आलं. त्याच इंजिनाच्या जोरावर जॅग्वारने ल मां १९५१ आणि १९५३ मध्ये सी-टाइपने, तर १९५५, १९५६ आणि १९५७ मध्ये डी-टाइपने जिंकलं. ई-टाइप ३.८ मध्ये त्याचा बोअर ८७ मिलिमीटर आणि स्ट्रोक १०६, म्हणजे पिस्टनचा प्रवास त्याच्या रुंदीपेक्षा बराच लांब. शेव्हरोलेचं व्ही-८ अगदी उलट: बोअर १०१.६ मिलिमीटर, स्ट्रोक अवघा ८२.५५.

याचा अर्थ काय? ५५०० आरपीएमला जॅग्वारच्या पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला १९.४ मीटर होतो. कॉर्व्हेटचं इंजिन ६००० ला नेलं तरी तो १६.५ च असतो. म्हणजे जॅग्वारचं इंजिन आरपीएमच्या काट्यावर खाली असतं तेव्हाही आतून जास्त ताणलेलं असतं. म्हणूनच काटा ५५०० च्या पुढे ढकलणं जॅग्वारला परवडत नाही, आणि कॉर्व्हेटला मात्र आणखी फिरावंसं वाटतं. १९५५ साली हे लहान व्ही-८ घराणं सुरू झालं तेव्हापासून हलके व्हॉल्व्ह आणि आखूड स्ट्रोक हा त्याचा गुण राहिला. 'अमेरिकन इंजिन म्हणजे मोठं आणि आळशी' ही समजूत एल८४ ला मुळीच लागू पडत नाही. लिटरमागे हॉर्सपॉवर काढून बघा: जॅग्वार सुमारे ७०, एल८४ सुमारे ६७. दोन कॅमशाफ्टचं इंजिन आणि पुशरॉडचं इंजिन इतक्या जवळ आलेलं पाहून शेव्हरोलेच्या इंजिनिअरांचं कौतुक वाटतं.

जॅग्वारची गोडी वेगळी आहे. रांगेतले सहा सिलिंडर एकमेकांचे हिसके स्वतःच निस्तरतात, त्यामुळे चौथ्या गिअरमध्ये अगदी हळू वेगापासून पाय दाबला तरी गाडी न थरथरता खेचत जाते. लांबच्या प्रवासाला मला हेच इंजिन जास्त आवडतं.

कॉर्व्हेटच्या फ्युएल इंजेक्शनचा नेमका फायदा काय?

रॉचेस्टरचं ते इंजेक्शन पूर्णपणे यांत्रिक होतं. वळणावर गाडी एका बाजूला कलली की कार्ब्युरेटरच्या फ्लोट चेंबरमधलं पेट्रोल एका बाजूला जातं आणि इंजिन क्षणभर अडखळतं. इंजेक्शनमध्ये हा त्रास नाही, शिवाय पाय दाबताच प्रतिसाद तत्काळ मिळतो. तोटा असा की ते जुळवता येणारा कारागीर शोधावा लागतो. बिघडलेलं इंजेक्शन असलेली एल८४ ही साध्या, नीट जुळवलेल्या ३४० हॉर्सपॉवरच्या कार्ब्युरेटरवाल्या गाडीपेक्षा हळू धावू शकते. जॅग्वारचे तीन एसयू त्यामानाने सोशिक आहेत, मात्र तिन्ही एकसारखे श्वास घेतील असे जुळवलेले हवेत.

गिअरबॉक्स कुणाचा चांगला?

१९६४ पर्यंत निर्विवाद कॉर्व्हेटचा. चारही पुढच्या गिअरना सिंक्रोमेश (गिअर खडखडाट न होता पडावा म्हणून वेग जुळवणारी सोय), छोटी घट्ट दांडी. ई-टाइप ३.८ मधल्या, 'मॉस बॉक्स' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या गिअरबॉक्सला पहिल्या गिअरला सिंक्रो नव्हता, आणि घाई केली की तो तक्रार करतो. ४.२ बरोबर सर्व गिअरना सिंक्रो असलेला नवा बॉक्स आला आणि ही तक्रार संपली.

दुरुस्तीत मात्र मोठा फरक आहे. कॉर्व्हेटचा क्लच बदलायला गिअरबॉक्स खालून उतरवतात. ई-टाइपमध्ये त्याच कामासाठी इंजिन आणि गिअरबॉक्स दोन्ही एकत्र बाहेर काढावे लागतात. जॅग्वार विकत घेण्याआधी क्लच कधी बदलला हे विचारणं म्हणूनच महत्त्वाचं.

मागचं सस्पेन्शन दोघींचं सारखंच आहे असं ऐकलं, खरं आहे का?

कल्पना सारखी, घडण वेगळी. दोन्ही गाड्यांत डिफरन्शियल गाडीच्या अंगाला पक्कं बसवलेलं आहे आणि चाकाकडे जाणारा हाफ शाफ्टच सस्पेन्शनचा वरचा दुवा म्हणून काम करतो. खाली एक दांडा. एका भागाकडून दोन कामं करून घेण्याची ही युक्ती जॅग्वारच्या कोव्हेंट्री आणि शेव्हरोलेच्या डेट्रॉइट या दोन्हीकडे सुचली.

पुढे वाटा फुटतात. जॅग्वारमध्ये प्रत्येक बाजूला दोन, अशा एकूण चार कॉइल स्प्रिंग आणि त्यांच्या आत डॅम्पर. हे सगळं पोलादी पिंजऱ्यात बसवून रबराच्या आधारांवर टांगलेलं, त्यामुळे रस्त्याचा खडखडाट केबिनमध्ये कमी येतो. कॉर्व्हेटमध्ये तिचे इंजिनिअर झोरा आर्कस-डंटॉव्ह यांनी स्प्रिंग म्हणून एकच आडवा पानपट्टा वापरला, एका चाकापासून दुसऱ्या चाकापर्यंत. दिसायला तो जुनाट वाटतो, पण जागा कमी घेतो आणि काम चोख करतो. जुन्या कॉर्व्हेटच्या सलग मागच्या अॅक्सलवरून इथवर येणं ही फार मोठी उडी होती.

उंचसखल रस्त्यावर जॅग्वार मऊ आणि शांत. गुळगुळीत रस्त्यावर कॉर्व्हेट घट्ट आणि सपाट. स्टिअरिंगच्या बाबतीत मात्र जॅग्वारचं रॅक अँड पिनियन जास्त बोलकं आहे. पुढचं चाक काय करतंय ते हाताला लगेच कळतं.

ब्रेकच्या बाबतीत इतका वाद का होतो?

कारण १९६३ आणि १९६४ च्या तुलनेत सर्वांत मोठी दरी इथे आहे. ई-टाइपला पहिल्या दिवसापासून चारही चाकांना डिस्क. कॉर्व्हेटला ११ इंची ड्रम. एकदाच जोरात थांबायचं असेल तर ड्रम कमी पडत नाहीत. घाटात पुन्हा पुन्हा ब्रेक लावले की अडचण येते: गरम झालेला ड्रम फुगतो आणि आतल्या ब्रेक शूपासून दूर जातो, पेडल खाली खाली जाऊ लागतं. डिस्क तापली की ती पॅडच्या दिशेनेच फुगते, शिवाय उघड्यावर असल्याने वाऱ्याने लवकर थंड होते. १४०० किलोची, सहा सेकंदांत ताशी ९७ किलोमीटर गाठणारी गाडी ड्रमवर सोडणं मला पटत नाही. शेव्हरोलेलाही हे माहीत होतं. १९६३ च्या झेड०६ या शर्यतीसाठीच्या पॅकेजमध्ये पंख्यासारखे पंख असलेले ड्रम आणि धातूमिश्रित लायनिंग होतं. अशा फक्त १९९ गाड्या बनल्या.

जॅग्वारही निर्दोष नाही. ३.८ चा व्हॅक्यूम सर्व्हो (पायाच्या दाबाला जोड देणारं यंत्र) दुबळा होता, पेडलला लाकडासारखा कडकपणा जाणवतो. शिवाय मागच्या डिस्क चाकाजवळ नसून आत डिफरन्शियलला चिकटून आहेत. त्यामुळे चाकाबरोबर वरखाली होणारं वजन कमी झालं, पण तिथली उष्णता डिफरन्शियलच्या ऑइल सीलपर्यंत पोचते. सील गळलं की तेल थेट डिस्कवर. त्या डिस्क बदलायला मागचं सगळं युनिट उतरवावं लागू शकतं.

१९६५ पासून कॉर्व्हेटला चारही चाकांना चार पिस्टनच्या कॅलिपरचे डिस्क ब्रेक मिळाले आणि वाद मिटला. मात्र गाडी महिनोन् महिने उभी राहिली की त्या कॅलिपरच्या आत गंज धरतो आणि ब्रेक ऑइल गळू लागतं. आत स्टेनलेस स्टीलची बाही बसवलेले कॅलिपर हा त्यावरचा रुळलेला उपाय आहे.

ई-टाइप दिसायला इतकी निमुळती आहे, मग वाऱ्याच्या बाबतीत ती फारच पुढे असेल ना?

डोळ्यांना वाटतं तेवढी नाही. ई-टाइपचा आकार ठरवणारे माल्कम सेयर विमान उद्योगातून आले होते आणि गाडीचे वक्र गणिताने काढत. तरी नंतरच्या मोजमापांत ई-टाइपचा ड्रॅग गुणांक (वाऱ्याचा अडथळा सांगणारा आकडा, जितका कमी तितका चांगला) ०.४४ च्या आसपास येतो, जो आजच्या साध्या हॅचबॅकपेक्षा वाईट आहे. गाडीला तारलं ते तिच्या अरुंद आणि बुटक्या अंगाने: वाऱ्याला सामोरं जाणारं क्षेत्रफळच कमी. कॉर्व्हेटचं नाक अणकुचीदार असलं तरी वरच्या वेगात पुढचा भाग उचलला जातो आणि स्टिअरिंग हलकं वाटू लागतं. ताशी १८० किलोमीटरच्या पुढे जॅग्वार जास्त विश्वासाची वाटते.

१९६३ च्या कॉर्व्हेटची मागची काच दुभंगलेली का?

जनरल मोटर्सचे डिझाइनप्रमुख बिल मिचेल यांचा आग्रह. छतापासून शेपटीपर्यंत जाणारी कण्यासारखी रेघ मोडू नये म्हणून त्यांना तो मधला खांब हवा होता. डंटॉव्ह यांचं म्हणणं, त्यामुळे मागचं दिसत नाही. पहिल्या वर्षी मिचेल जिंकले, दुसऱ्या वर्षी खांब गेला. एकाच वर्षाच्या १०,५९४ कूपे तशा आहेत आणि आज त्यांना मोठी मागणी आहे. वेगात काहीही फरक नाही.

शर्यतीत कोण सरस ठरलं?

दोघींची कहाणी अर्धवट राहिली. ई-टाइपने एप्रिल १९६१ मध्ये ओल्टन पार्कला ग्रॅहम हिलच्या हाती पहिलीच शर्यत जिंकली. स्टिंग रेने ऑक्टोबर १९६२ मध्ये रिव्हरसाइडला डग हूपरच्या हाती विजय मिळवला, पण त्याच दिवशी कॅरॉल शेल्बीची कोब्रा मैदानात उतरली आणि तिच्या हलकेपणापुढे पुढच्या काळात कॉर्व्हेटला धाप लागली. पुढे दोन्ही कंपन्यांनी शर्यतीसाठी हलक्या गाड्या काढल्या. जॅग्वारने अठरा लाइटवेट ठरवून बारा बनवल्या. उरलेल्या सहा कंपनीने २०१४ पासून बांधल्या. ग्रँड स्पोर्ट कॉर्व्हेट पाचच बनल्या, कारण शेव्हरोलेची मूळ कंपनी जनरल मोटर्सच्या वरिष्ठांनी शर्यतींवर बंदी घातली.

मग न्याय्य तुलना कुठल्या वर्षांची?

१९६५ ची. माझं ठाम मत आहे की १९६३ ची तुलना दोघींवर अन्याय करते: कॉर्व्हेटला ड्रम, जॅग्वारला मॉस बॉक्स आणि दुबळा सर्व्हो. १९६५ मध्ये जॅग्वार ४.२ लिटरची, नव्या गिअरबॉक्सची आणि सुधारलेल्या ब्रेकची. कॉर्व्हेट एल८४ तेव्हा ३७५ हॉर्सपॉवरची आणि डिस्क ब्रेकची. त्या वर्षी अशा ७७१ एल८४ बनल्या आणि त्यानंतर ते इंजेक्शन बंद झालं. या दोन गाड्या शेजारी उभ्या केल्या की एकीचीही ढळढळीत उणीव उरत नाही. त्यात ताकदीला कॉर्व्हेट, स्टिअरिंग आणि प्रवासाच्या आरामाला जॅग्वार, ब्रेकला बरोबरी. निवड करायचीच तर मी ४.२ कूपे घेईन.

१९६५ च्याच मध्यावर आलेलं ३९६ घन इंचाचं, ४२५ हॉर्सपॉवरचं इंजिन किंवा १९६६ पासूनचं ४२७ या तुलनेत आणू नये. नाकावर वजन वाढतं आणि गाडीचा स्वभावच बदलतो.

व्ही-१२ ई-टाइप घेतली तर?

ती १९७१ ची तिसरी मालिका, ५३४३ सीसीची, लांब चासीवर. तिची तुलना स्टिंग रेच्या पुढच्या पिढीतल्या कॉर्व्हेटशी व्हायला हवी.

रोजच्या वापराला कुठली सोयीची?

कॉर्व्हेटमध्ये जागा ऐसपैस, सुटे भाग सहज मिळतात आणि इंजिन कुठल्याही चांगल्या मेकॅनिकला कळतं. पण बाहेरून उघडणारी डिकी तिला नाहीच. सामान सीटच्या मागून आत ढकलावं लागतं. ई-टाइप कूपेचा मागचा दरवाजा बाजूला उघडतो आणि बॅगा सरळ ठेवता येतात. उंच माणसाने १९६२ च्या सुरुवातीपर्यंतची, सपाट तळाची ई-टाइप टाळावी, कारण पाय ठेवायला खोलगट जागा नंतर दिली गेली. आणि खोळंबलेल्या ट्रॅफिकमध्ये जॅग्वारच्या तापमानाच्या काट्यावर लक्ष ठेवावं लागतं, विशेषतः ३.८ च्या.

विकत घेताना सर्वांत आधी काय तपासावं?

जॅग्वारमध्ये गंज. दाराखालचे सिल, तळ, मागच्या सस्पेन्शनचे आधार. पत्र्याची पेटी हीच चासी असल्याने सिल गेले की गाडीची ताकदच जाते. दार उघडून हलकेच उचलून बघा, मग बंद करून फट वरपासून खालपर्यंत सारखी आहे का पाहा. त्यानंतर ते भलंमोठं बॉनेट पुढे उघडा आणि इंजिनभोवतीच्या चौकोनी नळ्यांवरून बोट फिरवा. या नळ्या आतून गंजतात. रंगाखाली फुगवटा किंवा जोडाजवळ केसासारखी चीर दिसली तर सावध.

कॉर्व्हेटचं अंग गंजत नाही, पण आतलं पोलाद गंजतं, आणि ते वरून दिसत नाही. पुढच्या काचेच्या खांबांच्या मुळाशी आणि मागच्या चाकांपुढे वळणाऱ्या चासीपाशी टॉर्च लावून पाहा. चाकांच्या कमानीच्या आतून फायबरग्लास तपासा: कारखान्यात साच्यात दाबून बनवलेला तुकडा आतूनही गुळगुळीत असतो, हाताने लावलेला बदली तुकडा आतून खरबरीत. मागची चाकं जॅकवर उचलून हलवा. तिथले बेअरिंग बरोबर जुळवणं हे कौशल्याचं काम आहे.

इंजिन मूळचंच आहे हे कसं कळणार?

जॅग्वारचं सोपं आहे. गाडीवरच्या पट्टीवर चासी, इंजिन, गिअरबॉक्स आणि बॉडीचे क्रमांक असतात, आणि जॅग्वार डेमलर हेरिटेज ट्रस्टकडून मिळणाऱ्या प्रमाणपत्राशी ते ताडून पाहता येतात.

कॉर्व्हेटचं कठीण आहे, कारण १९६० च्या दशकात गाडीच्या क्रमांकात इंजिनाचा प्रकार लिहिलेलाच नसायचा. पुरावा इंजिन ब्लॉकवर पुढे उजव्या बाजूला ठोकलेल्या अक्षरांत असतो. ती जागा घासून सपाट केलेली, अक्षरं वेगळ्या ठशाची किंवा जास्तच ताजी वाटली तर साध्या इंजिनावर इंजेक्शन चढवून एल८४ बनवलेली असू शकते. ब्लॉकवरची ओतकामाची तारीख गाडी बनण्याच्या आधीची हवी, आणि ती फार आधीचीही नको. इंजिनाची खात्री पटेपर्यंत एल८४ ची किंमत मोजू नका.

आजचे रेडिअल टायर लावले तर जुने आकडे बदलतात का?

बदलतात. मूळ गाड्या क्रॉसप्लाय (तिरप्या धाग्यांच्या, जुन्या पद्धतीच्या) टायरवर तपासल्या गेल्या. जॅग्वारला १८५ आणि कॉर्व्हेटला २०५ रुंदीचे १५ इंची रेडिअल बसवले की ब्रेकचं अंतर आणि वळणाची पकड दोन्ही सुधारतात, आणि एल८४ ची मागची चाकं पहिल्या गिअरला कमी घसरतात. स्टिअरिंग मात्र हळू वेगात जड होतं, विशेषतः जॅग्वारचं. टायरचा व्यास मूळच्यापेक्षा वेगळा असेल तर स्पीडोमीटरही चुकीचं दाखवतो, म्हणून नवे टायर घालून मोजलेला वेग सांगताना जीपीएसचा आकडा घ्या.